घरातील जुने कापड व त्याचा हिशेब

बी-बियाणे, खत, पाणी व पीकसंरक्षण यांविषयी उपयुक्त माहिती या मासिकातून नेहमी प्रसिद्ध होत असते. प्रस्तुत लेखकाचे शेतीचे ज्ञान बेताचेच आहे. त्याचा जन्म महसूल खात्यात कारकुनी करण्यात व दप्तराचे रुमाल बांधण्या-सोडण्यात गेला. तथापि आकड्यांची सवय जडलेल्या मनुष्यास निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसवत नाही. घरखर्चाची वही मी आता पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर ठेवतो, आणि तीत ‘कापड व अंथरूण’ या सदराखाली जी रक्कम पडत होती, ती पाहून हा विषय प्रथम डोक्यात आला. बाजारातून आणलेली ब्लँकेटे दोन हिवाळ्यांत विरली होती, आणि त्याच घरात जुन्या सुती कापडाने भरलेली एक ट्रंक माळ्यावर पडून होती.

ती ट्रंक माझ्या आईची. ती वारल्यानंतर वर्षभर ती उघडण्याचे कोणाच्या मनात आले नाही. उघडली तेव्हा आत ११ नऊवारी लुगडी निघाली. त्याच आठवड्यात दारावर बोहारीण आली. सहा लुगड्यांस एक स्टीलचे पातेले, असा तिने भाव सांगितला. आमच्या कुटुंबाचे मन अर्धे वळले होते, कारण कपडे पडून कुजतात हेही खरे. मी पातेले हातात घेऊन पाहिले. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबता वाकत होता. बोहारणीचा तो धंदा आहे, तिला दोष नाही. परंतु आपल्या मालाची किंमत आपणांसच ठाऊक नसेल, तर समोरचा ती कशास सांगेल? बोहारणीस पुढच्या महिन्यात यावयास सांगितले व लुगडे अंगणात पसरून मोजले.

नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांबी. पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. २७ फुटांचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फूट लांब होतो. हे चार भाग एकावर एक ठेवले की एका माणसास पुरेल अशी चार पदरी गोधडी कोठेही जोड न देता तयार होते. हिवाळ्यासाठी मध्ये जुन्या धोतराचा किंवा चादरीचा आणखी एक पदर घालावा. सहावारी साडीतून असे दोनच भाग निघतात व साडेचार फुटांचा तुकडा उरतो. तो आतल्या पदरात जोडास उपयोगी पडतो. पाच-सहा पदरांपुढे मात्र जाऊ नये. आठ पदरी वाकळ ऊबदार असते खरी, पण नवरात्राआधी धुण्याच्या दिवशी ती पाणी पिऊन इतकी जड होते की दोन बायांस पिळवत नाही; आणि ऊन कमी असले तर आतून ओली राहून तिला कुबट वास येतो.

आता कापडाची निवड. या एका गोष्टीत माझी पहिली गोधडी फसली, म्हणून ती विस्ताराने सांगतो. रंग चांगला दिसतो एवढ्यावरून मी आतल्या पदरात एक कृत्रिम धाग्याची साडी घातली. पहिल्याच धुण्यात सुती पदर आटले, ती साडी आटली नाही, आणि गोधडीच्या पोटात गोळे झाले. शिवाय एक तांबडा तुकडा रंग सोडणारा निघाला व सारी पांढरी किनार गुलाबी झाली. तेव्हा पुढील दक्षता घ्यावी. प्रत्येक कापडाच्या कडेचा एक दोरा काढून तो चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याचा वासही जळक्या कागदाचा येतो व मऊ राख पडते. कृत्रिम दोरा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी होते. जो दोरा गोळी करतो तो अंथरुणात घालू नये; तो घाम शोषीत नाही, आणि आग लागल्यास वितळून कातडीस चिकटतो. चुलीजवळ, किंवा उसाच्या फडावर कोपीत झोपणाऱ्यांनी तर ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. टेरिकॉट हे मिश्र कापड आहे. त्यात राख व गोळी दोन्ही आढळतात. ते पिशव्यांस ठेवावे. निवडलेले सर्व कापड धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात एकदा काढून घ्यावे, म्हणजे जे आटावयाचे ते आटते व जो रंग जावयाचा तो जातो. गडद रंगाचे कापड वेगळ्या पाण्यात टाकावे. बटणे, हुक, जरीचे काठ काढून टाकावेत. सुती कापड कात्रीने कापण्यापेक्षा कडेला लहानशी चीर देऊन हाताने फाडावे. ते आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. आणि हाताने ओढताच जे कोठेही टरकते, ते इतके विरलेले असते की आतल्या पदराशिवाय त्याचा उपयोग नाही. वरचा व खालचा पदर मजबूत पाहिजे.

माझी ही फजिती ऐकून माझी चुलती स्वतः येऊन बसली. तिचे वय ऐंशीच्या घरात आहे, सुईत दोरा नातीकडून ओवून घेते, पण टाका अजून सरळ पडतो. तिने प्रथम माझा हात धरला. “अरे, सातबाऱ्यावर सही करायची आहे का? सुई आडवी धर,” असे ती म्हणाली, आणि दाखवीत गेली. झाडून पुसलेल्या फरशीवर खालचा पदर ताणून अंथरावा व चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट असे जड काही ठेवावे. त्यावर एकेक पदर मांडून हाताने मधून कडेकडे सुरकुती काढीत जावे. मग लांबलांब कच्चे टाके घालावयाचे, तेही मधून सुरू करून बाहेर. म्हणजे सैल कापड कडेला निघून जाते. बहुतेक नवशिके कडेकडून टाचीत आत येतात व सारा झोळ मध्यभागी अडकवून ठेवतात. कच्चे टाके पुरे झाल्यावर कडा आत दुमडून पक्की शिवण सुरू करावी. ती मात्र कडेपासून चौकोनाच्या आत चौकोन अशी मध्याकडे नेतात, किंवा सरळ उभ्या ओळी घालतात. दोन्ही रीती चांगल्या. दोन ओळींतील अंतर एक इंचाहून अधिक ठेवू नये. अधिक ठेवल्यास आतले विरलेले कापड धुण्यात सरकते. बंगालात कांथा म्हणून जे जुन्या साड्यांचे पांघरूण करतात त्याचा टाकाही असाच साधा धावता असतो.

दोरा किती लागेल याचा अंदाज मी काढला आहे. ४५ इंच रुंदीत इंचाइंचावर ४५ ओळी, प्रत्येक पावणेसात फुटांची, म्हणजे सुमारे ३०४ फूट शिवण. दोरा कापडातून खालीवर जातो म्हणून चौथा हिस्सा वाढवावा: ३८० फूट, म्हणजे सुमारे ११६ मीटर. दुहेरी दोरा वापरावयाचा तर २३२ मीटर. कच्च्या टाक्यांस व गाठींस वेगळा धरून जाड सुती दोऱ्याची एवढी रिळे आधीच आणून ठेवावीत, कारण मध्येच दोरा बदलला की रंगात व जाडीत फरक दिसतो. दोऱ्यावरून मेणाचा खडा ओढून घेतला तर तो गुंतत नाही. सुई लांब व बारीक असावी. पोती शिवण्याचा दाभण येथे उपयोगाचा नाही, त्याने कापडास भोके पडतात. शिंपी बोटात घालतो ती धातूची टोपी पुरुषांनी तरी अवश्य घ्यावी. मी घेतली नव्हती.

तान्ह्या मुलाचे दुपटे करावयाचे असल्यास अगदी वापरून मऊ झालेले लुगडे घ्यावे. तीन पदर पुरेत. त्यात लोंबता दोरा राहू देऊ नये. मुलाच्या हातापायाच्या बोटास असा दोरा वेढला गेला तर रक्त अडून बोट सुजते आणि मूल का रडते हे कोणास कळत नाही. दर धुण्यानंतर दुपटे उलटसुलट पाहावे. झोपेत ते मुलाच्या तोंडावर येणार नाही अशी काळजी घ्यावी.

गोधडीस न लागणारे कापडही पुष्कळ उरते. १९४३ साली युद्धकाळात सरकारने सुती कापडावर नियंत्रण घातले व कापड मिळणे दुर्घट झाले. त्या काळातली माणसे धोतराचा जन्म पुरा करीत असत. धोतर मध्ये विरले की मधून उभे फाडून, विरलेले भाग कडेला व कडेचे मजबूत भाग मध्ये आणून पुन्हा शिवीत. मग त्याचे पंचे, पंचाची फडकी, फडक्याचे पोतेरे. ही मध्ये फाडून उलटी जोडण्याची युक्ती आजच्या चादरीसही तंतोतंत लागू पडते व तीस एक सरळ शिवणीहून अधिक काही लागत नाही. सदऱ्याची कॉलर घासून फाटली असेल तर ती खालच्या पट्टीपासून उसवावी, पालथी करून पुन्हा त्याच जागी शिवावी. आतली कोरी बाजू वर येते. माझ्या नोकरीतील निम्मे सदरे उलट्या कॉलरचे होते. वरिष्ठांस ते कधी कळले नाही. जुन्या विजारीचा पाय गुडघ्याखाली कापून तळ दुहेरी शिवला, बंद लावले, की काष्टीच्या बाजारास नेण्याजोगी पिशवी होते, व ती लिंबांच्या वजनाने फाटत नाही.

पोत्यांविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण शेतकऱ्याच्या घरी त्यांची वाण नसते. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत पीठ व पशुखाद्य विकणाऱ्या गिरण्या मुद्दाम नक्षीच्या सुती पिशव्यांत माल भरीत, व शेतकरी बाया त्या पिशव्यांचे झगे शिवीत. ते सुती कापड होते. आपल्याकडे येणारी युरियाची ४५ किलोची पिशवी प्लॅस्टिकची विणलेली असते. तीस अंथरुणाची योग्यता नाही. धुऊन, उकलून, चार-सहा जोडून गोठ्यास पावसाळी पडदा होतो. मात्र उन्हात तिचे धागे तुटून भुगा होऊ लागताच ती काढावी, नाहीतर ते धागे कडब्यात मिसळून जनावराच्या पोटात जातात. कीटकनाशकाचे वेष्टन व प्रक्रिया केलेल्या बियाण्याची पिशवी, मग ती कापडी व दिसावयास कितीही चांगली असो, घरात कशासही वापरू नये. ते विष धुतल्याने खात्रीने जाते असे समजू नये. तागाचे धान्याचे पोते मात्र निर्भयपणे घ्यावे: उन्हाळ्यात रांजणास ओले गुंडाळले तर पाणी गार राहते, आणि दुहेरी करून कडा शिवल्या तर दाराशी पायपुसणे होते.

आता ज्या हिशेबाकरिता हा लेख लिहावयास घेतला तो मांडतो. गोधडीस रोख खर्च दोऱ्याचा, सुईचा व मेणाचा. माझा शंभर रुपयांच्या आत आला. एवढे सांगून लेख संपविता आला असता. परंतु महसुली दप्तरात एक बाजू लिहून दुसरी कोरी ठेवणे हा दोष मानतात. मी घड्याळ लावून पाहिले. सरावाच्या हातास पावणेसात फुटांची एक ओळ घालण्यास अर्धा तास लागतो. ४५ ओळी म्हणजे साडेबावीस तास. दुपारी रोज दीड तास बसले तर १५ दिवस. मांडणी व कच्चे टाके निराळे. मला स्वतःस याच्या दुप्पट वेळ लागला. आपल्या गावी खुरपणीस बाईच्या एका दिवसाची जी मजुरी असेल ती घेऊन वाचकांनी स्वतः गुणाकार करावा. गोधडी ब्लँकेटाहून स्वस्त पडते असे आपण म्हणतो, ते घरातल्या बाईचे हे तास शून्य धरून. ते धरल्यावर ती बहुधा महाग पडते, आणि प्रदर्शनांतून बचतगटांच्या गोधड्यांस सांगितलेला भाव ऐकून आपण नाक मुरडतो तो अवाजवी नसतो असे दिसून येते.

यावरून गोधडी शिवू नये असे माझे म्हणणे नाही. रात्रपाळीच्या विजेवर उसास पाणी देऊन पहाटे परत आलेल्या माणसास तिच्यासारखे दुसरे पांघरूण नाही, व ती धुऊन धुऊन अधिक मऊ होते. म्हणणे इतकेच की ती घरातील एकाच माणसावर टाकू नये. कापड निवडणे, फाडणे, सोड्याच्या पाण्यातून काढणे, मांडणी करणे ही सर्व कामे पुरुषांनी करावीत; ती शिकण्यास एक दिवस पुरतो. चैत्र-वैशाखात शेतात काम थोडे असते, तेव्हा दोघे दोन बाजूंनी शिवावयास बसले तर साडेबावीस तासांचे सव्वाअकरा होतात. गल्लीतील लोक हसतात. मलाही हसले. पुढे त्यांच्यापैकी दोघांनी दोरा कोठून आणला म्हणून विचारले.

आमच्या घरी ११ पैकी चार लुगड्यांच्या गोधड्या झाल्या आहेत. बोहारीण पुन्हा आली, तिला टेरिकॉट व कृत्रिम साड्या दिल्या व एक चाळण घेतली. चुलतीस तिच्या १५ दुपारांचे पैसे मी मोजून पुढे केले. तिने घेतले नाहीत. ट्रंकेपाशी जाऊन जावेचे हिरवे लुगडे तेवढे तिने काढून घेतले, आणि ते फाडावयाचे नाही असे बजावून नेसावयास घरी नेले.