विश्लेषण : माळ्यावरची जुनी आरसी विमाने पुन्हा कशी उडतात? घरगुती सुटे भाग कितपत सुरक्षित?

वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली रेडिओ-नियंत्रित (आरसी) विमाने दुरुस्त करून पुन्हा उडवणे थ्रीडी प्रिंटरमुळे सोपे झाले आहे. मूळ सुटे भाग मिळेनासे झाले, तरी बरेच काही घरी बनवता येते. मात्र कोणता भाग घरी बनवू नये, हेही ठाऊक हवे. कारण दोन-तीन किलोचे, वेगात असलेले विमान कोसळले तर माणूस गंभीर जखमी होऊ शकतो.

सुटे भाग का मिळत नाहीत?

हा उद्योग छोट्या कंपन्यांवर उभा राहिला. ‘अग्ली स्टिक’ या गाजलेल्या विमानाचे रचनाकार फिल क्राफ्ट यांच्या कंपनीचे रेडिओ संच एकेकाळी नावाजलेले होते. आज ते बनत नाहीत. आराखडे मात्र टिकून आहेत. त्यांवरून लाकडी भाग नव्याने कापता येतात.

आधी काय तपासावे?

पहिली शंका बॅटरीवर. रिसीव्हरची जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी (1.2 व्होल्टचे चार सेल, एकूण 4.8 व्होल्ट) बदलणेच योग्य. तिच्यामुळे वायरही आतून काळी पडून गंजते, म्हणून ती वायरही बदलतात. कॅडमियम विषारी असल्याने जुनी बॅटरी ई-कचरा केंद्रातच द्यावी.

ग्लो इंजिनाच्या मिथेनॉल इंधनात अनेकदा एरंडेल तेल असते. ते सुकून इंजिन जाम होते. अशा वेळी जोर लावून फिरवण्याऐवजी गरम हवेने तेल सैल करतात. इंजिनाजवळचे लाकूड तेल प्यायलेले असेल, तर त्यावर गोंद धरत नाही. तेवढा भाग कापून नवा बसवावा लागतो.

जुना रेडिओ चालेल का?

पूर्वी 27, 35 किंवा 72 मेगाहर्ट्झवर क्रिस्टलने चॅनल ठरे. एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले की विमान कोसळण्याची भीती असे. आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे संच ही अडचण टाळतात. सर्व्होला मिळणारा संकेत मात्र जवळपास तोच आहे : साधारण 1 ते 2 मिलिसेकंदांचा स्पंद. त्यामुळे जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरवर अनेकदा चालतो. पिनांचा क्रम तेवढा तपासून घ्यावा. तो चुकला तर सर्व्हो जळू शकतो.

घरी काय बनवावे, काय नाही?

पंखाची मोडलेली फासळी शाबूत फासळीवरून बाल्सा लाकडात कापता येते. इंजिनाचे आवरण, चाके, सर्व्होची बैठक प्रिंट करता येते. पण पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतही ते वाकू शकते. सायलेन्सरजवळ तर ते नकोच.

प्रोपेलर मात्र घरी प्रिंट करू नये, तडकलेला चिकटवूही नये. 10 इंची प्रोपेलर मिनिटाला 11,000 फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी 500 किलोमीटरहून अधिक असतो. प्रिंट केलेले थर सुटले, तर तुकडा गोळीसारखा उडतो.

तोल का बिघडतो?

नाकातली जड बॅटरी काढून हलकी बसवली की शेपूट जड होते आणि विमान आवरत नाही. बहुतेक विमानांचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर असतो. आराखड्यातला बिंदू पाहून, गरज पडल्यास नाकात वजन घालून तो साधतात.

भारतात नियम काय?

ड्रोन नियम, 2021 नुसार शिक्षण, संशोधन वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले 25 किलोपर्यंतचे विमान ‘मॉडेल’ ठरते. त्याला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ कुठेही उडवता येते असा नाही. विमानतळांच्या परिसरातील लाल व पिवळ्या क्षेत्रांत परवानगी लागते. पहिले उड्डाण माणसांपासून दूर, मोकळ्या मैदानात आणि त्याआधी जमिनीवर रेडिओचा पल्ला तपासूनच करावे.