मागच्या दरवाजावरील स्टेपनी आणि ओघळलेली बिजागरी

कन्हेरीच्या माळाकडील आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यात गेली काही वर्षे एक चाल पडून गेली होती. त्यांच्या जीपवजा गाडीचा मागचा दरवाजा लावावयाचा झाला म्हणजे उजव्या हाताने मूठ धरावी, गुडघा दरवाजाच्या खालच्या कडेस लावावा आणि दरवाजा बोटभर वर उचलून मग ढकलावा. घरातील लहान मुलीसही ही युक्ती अवगत झाली होती. दरवाजा मुळात खाली का आला, हा प्रश्न मात्र कोणी केला नाही. बैल लंगडू लागला तर आपण त्याचा खूर उचलून पाहतो, परंतु यंत्र लंगडू लागले म्हणजे त्याच्याबरोबर लंगडत चालण्याची आपली रीत आहे. सबब या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. बारामती व इंदापूर तालुक्यांत मागील दारावर जादा चाक वाहणाऱ्या गाड्या आता गावोगाव दिसतात आणि पाणंदीतून, कालव्याच्या भरावावरून व उसाच्या फडाच्या कडेने त्यांची नित्य ये-जा असते.

या जादा चाकास आपण सारे स्टेपनी म्हणतो. हा शब्द आला वेल्स देशातील लानेली या गावाहून. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक तयार करून विकण्यास आरंभ केला आणि त्यांच्या दुकानाच्या रस्त्याचे स्टेपनी हे नाव त्या चाकास चिकटले. विलायतेत तो शब्द बहुतेक विसरला गेला. आपल्याकडे मात्र तो गॅरेजात रोज ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला मागे दरवाजाच नव्हता. मागचा पत्रा स्थिर होता व चाक त्यावर बसविलेले असे. महिंद्र कंपनीने मुंबईस जीपा जोडण्यास सुरुवात केली. पुढे जीपवजा गाड्यांस छप्पर आले, मागे माणसे बसू लागली, त्यांना चढण्या-उतरण्यास दार हवे झाले. आडवे उघडणारे दार आले, पण चाक आपली जागा सोडीना. जो भार पूर्वी स्थिर पत्र्यावर होता तो आता फिरत्या दारावर आला. बोलेरो, थार, गुरखा या आपल्या परिचयाच्या गाड्यांतही स्टेपनी मागील दारावरच असते. यात कारखानदारांची चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. चाक गाडीखाली टांगले तर चिखलात व खडकात अडकते, आत ठेवले तर जागा खाते. मूळ मापाच्या चाकाचा भार धरूनच बिजागरी बेतलेली असते. तंटा सुरू होतो तो पुढे.

हा तंटा समजण्यास थोडे गणित हवे. सोयीसाठी ठोकळ आकडे घेऊ. वाचकांनी ते आपापल्या गाडीस लावून पाहावेत. दरवाजा ३० किलोचा आहे व त्याचा भारमध्य बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर आहे असे धरा. चाक ३१ किलोचे व त्याचा मध्य बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर. वरच्या व खालच्या बिजागरीत अंतर ४० सेंटिमीटर. तीसास पन्नासाने गुणले की १५००, एकतीसास साठाने गुणले की १८६०, बेरीज ३३६०. तिला चाळीसाने भागले म्हणजे ८४ येतात. अर्थात दरवाजा उघडा असता वरच्या बिजागरीस ८४ किलोचा आडवा ओढा बसतो व खालचीस तितकाच दाब. दोन्ही मिळून वजन ६१ किलो, पण वरची बिजागरी उपटू पाहणारा जोर त्याहून अधिक! आता हौसेने रुंद, खोल नक्षीचा टायर लोखंडी रिंगवर चढविला व चाक ३८ किलोचे झाले, आणि त्याच जागी वीस लिटर डिझेलचा कॅन लटकविला (त्याचे डब्यासह २१ किलो धरा), तर तोच ओढा १२६ किलो होतो. म्हणजे पूर्वीच्या दीडपट. हेही गाडी उभी असताना. पाणंदीतील खाचेत मागचे चाक आपटले की तो भार क्षणभर दुप्पट होऊ शकतो, आणि असे धक्के दिवसातून शेकड्यांनी बसतात.

दरवाजा बंद असता कुलपाची जीभ व चौकटीवरील खुंटी काही भार उचलतात. म्हणून गाडी चालत असता कुलूप व बिजागरी जोडीने झिजतात, आणि दरवाजा उघडला म्हणजे सारा भार एकट्या बिजागरीवर पडतो. दरवाजा उघडा ठेवून गाडी पुढे-मागे घेणे, त्याच्या कडेवर रेलणे, किंवा फळांच्या पेट्या चढविताना त्यावर पाय देऊन वर चढणे ही कामे तिच्या मुळावर येतात. शेताचे फाटक ओघळू लागले म्हणजे आपण वरच्या बिजागरीपासून पलीकडच्या खालच्या कोपऱ्यास तारेचा तंग देतो, कारण तेथे फाटकाची चौकटच तिरकी होते. मोटारीचा दरवाजा सबंध पत्र्याचा असल्याने सहसा तिरका होत नाही. तो तसाच्या तसा बिजागरीतून खाली येतो. सबब तंगाची युक्ती येथे चालत नाही.

आमच्या स्नेह्यांकडे मूळ प्रश्न निघाला तो निराळ्याच निमित्ताने. पहाटे अंधारात पाटसमार्गे पुण्यास निघाले असता मागच्या बाकावरील दोन्ही मुलांचे डोके दुखू लागले व त्यांना ओकाऱ्या झाल्या. गाडी थांबवून मोकळ्या हवेत बसविल्यावर मुले तासाभरात सावरली. उन्हाचा प्रश्न नव्हता, खाणेपिणे सर्वांचे एकच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या दरवाजाचे रबर पाहिले. खालच्या बाजूस ते चेचले गेले होते, वर मात्र चौकट व दरवाजा यांत फट पडून आतल्या बाजूस काजळीची रेघ उमटली होती. पेटीसारख्या आकाराची गाडी धावू लागली की तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो व नळीतून निघालेला धूर तेथेच घोटाळतो. काचा बंद असल्या व मागे फट असली तर तो आत ओढला जातो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंगही नाही व वासही नाही. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या धुरात तो अधिक. मुलांस झाले ते धुरानेच झाले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही, परंतु दरवाजा दुरुस्त झाल्यावर तसे पुन्हा घडले नाही. गुडघ्याचा टेकू देऊन लावलेल्या दारामागे आपण मुले बसवितो, ही गोष्ट तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, दरवाजा अर्धा उघडावा व मुठीकडील कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहावी. बिजागरीत खडखड जाणवली तर तिची पिन किंवा बुश झिजले आहे. खडखड नसून दरवाजा खाली आला असेल तर बोल्ट सरकले आहेत, किंवा ज्या खांबावर बिजागरी बसविली तो पत्राच वाकला आहे. मग बोल्टांभोवती रंगास केसासारखे तडे दिसतात. मुठीकडे वरची फट रुंद व खालची चिंचोळी, कुलपाच्या खुंटीवर ताजा ओरखडा, ही आणखी लक्षणे. रबराची परीक्षा कागदाने करावी: चौकटीत कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा व ती ओढावी. सहज निघून आली तर तेथे फट आहे.

आता दुरुस्तीविषयी. आमच्या स्नेह्यांची गाडी पूर्वी दोनदा एका गॅरेजात जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा तेथील कारागिराने एकच उपाय केला: दरवाजा खाली आला म्हणून चौकटीवरील खुंटीही खाली सरकविली! दार लागले, गिऱ्हाईक खूष झाले, बिजागरी मात्र तशीच ओघळत राहिली. रोगी वाकला म्हणून खाट वाकडी करावी, तसा हा प्रकार. तिसऱ्या खेपेस बिजागरी खांबास वेल्डिंगने जोडावी अशी सूचना आली. ती त्यांनी सुदैवाने मानली नाही. वेल्डिंगने पत्र्याचा कस जातो, आतून गंज धरतो, आणि पुढे पिन बदलणेही दुरापास्त होते.

योग्य क्रम असा. प्रथम स्टेपनी उतरवून दरवाजा हलका करावा. बिजागरीच्या पट्टीभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी, म्हणजे मूळ जागा चुकत नाही. दरवाजाच्या मुठीकडील कडेखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने अलगद आधार द्यावा, बोल्ट थोडे सैल करावेत (त्यांची भोके मुद्दाम किंचित मोठी ठेवलेली असतात), दरवाजा वर घ्यावा, चारही बाजूंची फट सारखी झाली की गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने मोजक्या पान्यावर आवळावेत. पिन झिजली असल्यास पिन व बुश दोन्ही बदलावे. एकच बदलणे म्हणजे नव्या आसावर जुनी वंगारी बसविणे होय. खांबाचा पत्रा वाकला वा फाटला असल्यास हे काम घरचे नव्हे, ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे. बोल्ट जागेवर आल्यानंतर खुंटी मूळ ठिकाणी आणावी. चाकामागे दरवाजावर रबरी ठोकळे असतात. ते झिजले म्हणजे चाक प्रत्येक धक्क्यास डुलते, म्हणून तेही पाहावेत. आपल्याकडे मुरुमाची धूळ फार. तेलकट बिजागरीवर ती बसली की कानशीसारखे काम करते. तेव्हा आधी पुसून स्वच्छ करावे व मगच थोडेसे वंगण लावावे. वर वर तेल सोडीत राहणे उपयोगाचे नाही.

मोठ्या टायरची हौस असणाऱ्यांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्याने नोंदविलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ते स्पष्ट केले आहे. ऑस्ट्रेलियात जड चाकासाठी मागील बंपरावर दारापासून स्वतंत्र अशी फिरती भुजा बसवितात. भार दारावरून निघून सांगाड्यावर जातो. तोड उत्तम आहे, परंतु आपल्याकडे बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारे यंत्र व पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या लहान गाड्यांस स्टेपनीची सक्ती उरली नाही. शहरातील माणसाने चाक घरी ठेवले तर चालेल. ज्याची वाट बाभळीखालून व तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरून जाते त्याने तसे करू नये. काट्याचे भोक बुजते. बुडख्याने टायरची बाजू चिरली तर चिकटपट्टी काही करीत नाही.

स्नेह्यांच्या गाडीची पिन व बुश बदलले, दोन बोल्ट नवे घातले आणि रुंद टायर उतरवून मूळ मापाचे चाक लावले. डिझेलचा कॅन आता गोठ्यात असतो. घरातली मुलगी अजून सवयीने दरवाजास गुडघा लावते, आणि दरवाजा आपणहून लागल्यावर हसते.