टोचन: दोरीमागची छोटी गाडी

आपल्या इंदुरात बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून नेली की तिला ‘टोचन’ केली म्हणतात. शब्द ‘टो’ आणि ‘चेन’ यांचा घासून गुळगुळीत झालेला दिसतो. मराठीतल्या ‘टोचणे’शी त्याचं काही नातं नाही. तरी मला तो शब्द मागच्या वर्षापासून टोचतो, म्हणून हा लेख. मंडळाच्या अंकात गाड्यांवर कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी एक दादा किंवा मित्र इंजिनीअरिंगला असतो, आणि त्याच्या मदतीला जाणारे आपणच असतो.

आधी ही छोटी गाडी कुठली ते सांगते. सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायच्या गाडीला किट कार म्हणतात. तिचं माहेर ब्रिटन. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. तयार गाडीवर तिथे खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक पेट्या घेऊन जात आणि गॅरेजात गाडी जुळवत. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि तीच ठेवण आजही चालू आहे. वजन पाचशे किलोच्या आतबाहेर, उंची जेमतेम कमरेपर्यंत. आपल्याकडे अशा किटांचा बाजार नाही, पण तिची चुलत बहीण आहे: बाहा स्पर्धेसाठी विद्यार्थी पाइप वेल्ड करून बनवतात ती एका सीटची बग्गी. ती स्पर्धा इथेच, पिथमपूरच्या चाचणी-मैदानावर कित्येक वर्षं भरत आली. या बग्गीला नंबर प्लेट नसते, त्यामुळे रस्त्यावर चालवता येत नाही. मग न्यायची कशी? इथेच सगळी गडबड होते.

दादाच्या टीमने चाचणीनंतर बग्गी जीपमागे नायलॉनच्या दोरीने बांधली. लोडिंग गाडीचे पैसे वाचले. राऊच्या अलीकडे संध्याकाळ झाली. मी जीपमध्ये मागे तोंड करून बसले होते, माझ्या हातात टॉर्च. दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला डावीकडून आला आणि जीप व बग्गीच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसू लागला. मी जोरजोरात हात हलवला, ‘मागे राहा’ म्हणून. त्याला वाटलं, मी ‘या’ म्हणतेय. दोरी त्याच्या पुढच्या चाकाला लागली. कोपर सोललं, दूध सांडलं, आणि तो उठून म्हणाला, “दीदी, आपने ही तो इशारा किया.” मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब.

त्याची चूक काय होती? अंधारात दोरी दिसत नाही. दिसते ती फक्त जागा, आणि आपल्या रस्त्यांवर जागा दिसली की दुचाकी आत शिरणारच. मोठी गाडी टोचनात असली तर निदान दोन गाड्या इतक्या चिकटून का चालल्यात असं कुणाच्या मनात येतं. बग्गी इतकी बुटकी की जीपमागे काही आहे हेच कळत नाही. उंच ट्रकच्या केबिनमधून तर ती अगदी जवळ आली की दिसायचीच बंद होते. म्हणून दोरीच्या मधोमध पांढरं किंवा लाल फडकं बांधतात, मागच्या गाडीच्या पाठीवर ‘ऑन टो’ असा फलक लावतात. फलकाची तर कायद्यानेच सक्ती आहे. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

नियमांत आणखीही आहे. रस्त्यावर ओढून नेता येते ती बिघडलेली किंवा पूर्ण न जुळलेली गाडी, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पोहोचती करायला. मागच्या गाडीत लायसन्स असलेला माणूस स्टीअरिंगवर हवा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. वेग अगदी कमी.

हे पाच मीटर आणि कमी वेग एकत्र का, ते मला दादाने कागदावर दाखवलं. दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले आहेत असं धरा. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्याला ते कळून पाय हलायला साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात तो जेवढा पुढे सरकेल, तेवढी जागा मध्ये हवी. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर पाच मीटर. ताशी 40 ला लागतात अकरा मीटर, आणि दोरी पाचचीच. म्हणजे ताशी 40 ने जाताना जीपने करकचून ब्रेक लावला तर बग्गीवाला कितीही हुशार असला तरी धडकणारच. आणि बग्गीच्या ड्रायव्हरच्या पायांपुढे बॉनेट नसतं, चार पाइप असतात.

त्यामुळे जाणकार लोक उलट करतात: ब्रेक मुख्यतः मागचा लावतो. तो पाय हलका टेकवून दोरी सतत ताणलेली ठेवतो. दोरी सैल पडून पुन्हा ताणली गेली की झटका बसतो, आणि तो झटका साध्या ओढीच्या कितीतरी पट असतो. दोरी तरी तुटते किंवा ज्याला बांधली ते तरी उपटतं. हलक्या गाडीला ओढायला जोर लागत नाही, म्हणून लोक दोरी सस्पेन्शनच्या आर्मला बांधून मोकळे होतात. तो आर्म अशा ओढीसाठी बनवलेलाच नसतो. गाठ चेसिसच्या मुख्य पाइपला, शक्यतो ओढीसाठीच लावलेल्या कडीला हवी. इंजिन बंद असताना साध्या कारचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा होतो, कारण त्याला इंजिनकडून मिळणारी मदत थांबते. बग्गीला ती मदत मुळातच नसते, ही एक जमेची बाजू. किल्ली काढली की स्टीअरिंग लॉक होतं, हे मात्र साध्या कारबाबत विसरू नका.

ब्रिटनमध्ये लोक अशा गाड्या ट्रेलरवर चढवून नेतात. तिथे 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत, पण त्या आकड्यात ट्रेलरचं वजनही धरायचं असतं, आणि हिशेब तिथे चुकतो. त्याहून वाईट चूक म्हणजे वजन मागे जाणं. ट्रेलरचा काही भार पुढच्या जोडावर यायलाच हवा. ब्रिटनमध्ये 5 ते 7 टक्के सांगतात, अमेरिकेत 10 ते 15. तो कमी पडला तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो, आणि प्रत्येक झोक्याला डुलणं वाढतं. लोटस सेव्हनचं इंजिन पुढे, बग्गीचं मागे. म्हणजे एकच ट्रेलर, पण बग्गी जास्त पुढे सरकवून किंवा उलटी चढवून बांधावी लागते. डुलणं सुरू झालंच तर स्टीअरिंग सरळ धरून फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. तिथे जोरात ब्रेक मारला की ट्रेलर कारला आडवा ढकलतो.

बांधतानाही एक गोष्ट आहे. पट्टे नुसते बॉडीवरून टाकले तर खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, पट्टा ढिला होतो, हूक निसटतो. पट्टा चाकांवरून घ्यावा, आणि दहा-बारा किलोमीटरवर थांबून एकदा हाताने ओढून पाहावा.

यंदा टीमने लोडिंग गाडी केली. मी पुन्हा मागे बसले होते, चार चाकांवरचे चार पट्टे मोजत. राऊला चहाला थांबलो तेव्हा त्यातला एक ढिला निघाला.