उबदार जाकीट आणि त्याची किंमत

पुण्यामुंबईच्या घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं थंड मुलखांत जावयास निघाली म्हणजे सामानाच्या यादींत एक ओळ अशी असते कीं, तिच्यावर घरांतील सर्वांचें एकमत होत नाहीं. ती ओळ गरम जाकिटाची. प्रवेशाची फी, विमानाचें भाडें, वसतिगृहाची अनामत यांचे आंकडे ठरलेले असतात. त्यांत घासाघीस नाहीं. जाकिटाचें मात्र तसें नसतें. दुकानांत एक चार हजारांचें टांगलेलें असतें आणि शेजारींच, दिसावयास जवळजवळ तसेंच, दुसरें चाळीस हजारांचें. आई पहिल्याकडे पाहते. वडील दुसऱ्याकडे, कारण परक्या देशांत लेकराला थंडी बाधेल ही धास्ती त्यांच्या मनांतून जात नाहीं आणि विक्रेत्याला ती धास्ती चांगली ओळखतां येते. अशा वेळीं वरचे छत्तीस हजार नेमके कशासाठीं मोजावयाचे, हें आधीं ठाऊक असेल तर पुष्कळ वाद वांचतो.

(जाकीट म्हटलें कीं जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढें सदऱ्यावर घालावयाची बिनबाह्यांची बंडी उभी राहते. येथें तें अभिप्रेत नाहीं. बाह्यांचें, पुष्कळदां टोपीसह शिवलेलें, आंत कांहींतरी फुगीर भरलेलें जें वस्त्र हल्लीं या नांवानें ओळखलें जातें, त्याचीच ही चर्चा.)

पहिली गोष्ट ही कीं, कोणतेंहि कापड उष्णता उत्पन्न करीत नाहीं. उष्णता उत्पन्न करतें तें शरीर. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी. भरभर चालूं लागला कीं तीच सुमारें तिप्पट होते. वस्त्राचें काम एवढेंच कीं, ही उष्णता सावकाश बाहेर जाऊं द्यावी. आणि तें काम कापूस, लोकर किंवा पिसें यांपेक्षां त्यांच्यामध्यें अडकून पडलेली स्थिर हवा करीत असते. हवेंतून उष्णता फार मंद गतीनें वाहते. पाण्यांतून ती त्याच्या सुमारें चोवीस-पंचवीस पट वेगानें वाहते. या एका वाक्यांत जाकिटाचें सारें शास्त्र आलें: हवा कोंडून धरावयाची, ती हलूं द्यावयाची नाहीं आणि तिच्या जागीं पाणी शिरूं द्यावयाचें नाहीं.

हें ज्ञान आपल्याकडील आजीबाईंना नवें नव्हतें. जुन्या लुगड्यांचे पांचसहा थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी एका जाड चादरीपेक्षां अधिक ऊब देते, ती थराथरांमधील हवेमुळें. दुलई चार हिवाळे वापरली कीं तींतील कापूस बसतो, गठ्ठे होतात आणि वजन तेवढेंच राहूनहि ऊब नाहींशी होते. मग पिंजारी येई, आपल्या धनुकलीनें तोच कापूस पिंजून देई आणि दुलई पुन्हां नव्यासारखी होई. पिंजाऱ्यानें तींत कापसाची भर घातलेली नसे. घातली ती हवा. जाकिटाच्या दुकानांत ज्याला हा पिंजारी आठवेल त्याची सहसा फसगत होणार नाहीं.

धनगरी घोंगडीचा धडा दुसरा आहे. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटांत घेऊनहि हाताला ओला लागत नाहीं, आणि पुरता भिजला तरी त्याची सारी कुरळाई मोडत नाहीं. म्हणून पावसांत घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागें दिवसभर हिंडतां येतें. सुताचें तसें नाहीं. ओलें सुती कापड अंगाला चिकटतें, हवा बाहेर घालवितें आणि तिच्या जागीं पाणी आणून बसवितें. थंडींत घामानें भिजलेली सुती बनियन ही महागड्या जाकिटाच्या आंत बसलेली चोरच होय. डोंगरांत फिरणाऱ्यांना सुती आंतले कपडे वर्ज्य सांगतात तें यासाठीं. ओल्या अंगानें वाऱ्यांत सांपडलेला माणूस शून्याच्या वरच्या तापमानांतहि गारठून दगावूं शकतो.

आतां महाग जाकिटांत असतें काय, तें पाहावयाचें. हंस आणि बदक यांच्या छातीवर वरच्या पिसांखालीं एक मऊ, कण्याविरहित लव असते. तिला ‘डाऊन’ म्हणतात. तिचा एकेक कण म्हणजे चहूंकडे तंतू फांकलेला बारीक गोळा असतो. चिमूटभर लव ओंजळभर हवा धरून ठेवते आणि दाबली तरी पुन्हां फुलते. १९२२ सालीं एव्हरेस्टच्या मोहिमेंत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ विमानी फुग्याच्या कापडाचा, आंत आयडर बदकाची लव भरलेला कोट घेऊन गेला, तेव्हां ट्वीडचे कोट आणि लोकरीचे मफलर घातलेल्या त्याच्या सोबत्यांना त्या फुगीर ध्यानाची गंमत वाटली. पुढें वादळांत तंबू फाटावयाची वेळ आली तेव्हां त्या कोटाची योग्यता कळली. त्याच मोहिमेंत फिंच आणि जॉफ्री ब्रूस सुमारें ८,३२० मीटरपर्यंत चढले. तोंवर तितक्या उंचीवर कोणी चढून गेलें नव्हतें. आजची बहुतेक फुगीर जाकिटें त्या कोटाचींच वंशज आहेत.

तथापि दुसरी बाजूहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेला जॉर्ज मॅलरी याचा देह १९९९ सालीं सांपडला. त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे पातळ थर आणि वर गॅबर्डीनचा कोट होता. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती करून २००६ सालीं एव्हरेस्टवर त्या घालून पाहिल्या, तेव्हां चालणाऱ्या माणसाला त्या हलक्या व पुरेशा उबदार असल्याचें आढळलें. उघड्यावर रात्र काढावयास मात्र त्या पुरेशा नव्हत्या. म्हणजे पातळ थरहि काम करतात, पण शरीर हलतें असेल तोंवर. स्वस्थ उभें राहावयाचें असेल तर जाडी लागते.

या लवेची प्रत मोजण्याचें एक माप आहे. ठराविक दाबाखालीं एक औंस लव जितके घनइंच जागा व्यापते तो आंकडा ‘फिल पॉवर’ म्हणून जाकिटावर छापलेला असतो: ५५०, ६५०, ८००, क्वचित् ९०० सुद्धां. आंकडा जितका मोठा तितकी किंमत चढी, आणि गिऱ्हाईक साहजिकच असें समजतो कीं तितकी ऊबहि अधिक. येथेंच खरी गफलत होते. हा आंकडा ऊब सांगत नाहीं, फुलण्याची शक्ति सांगतो. ऊब ठरावयास लव किती ग्रॅम भरली आहे तेंहि पाहावें लागतें. समजा, एका जाकिटांत ६०० प्रतीची २०० ग्रॅम लव आहे आणि दुसऱ्यांत ९०० प्रतीची १३३ ग्रॅम. गुणाकार केला तर दोन्हींचा फुगवटा जवळजवळ सारखाच येतो. शिलाई सारखी असेल तर ऊबहि तेवढीच. भेद राहिला तो ६७ ग्रॅमांचा. पंधरा दिवस पाठीवर ओझें वाहून हिमालयाची खिंड ओलांडणाऱ्याला ६७ ग्रॅम मोलाचे असतात. वसतिगृहांतून भुयारी रेल्वेपर्यंत चालत जाणाऱ्याला ते जाणवणारहि नाहींत. त्यानें हलकेपणाची किंमत मोजली आणि मनांत समजला कीं ऊब घेतली.

कांहीं दुकानदार भरणीचे ग्रॅम सांगत नाहींत, नुसता प्रतीचा मोठा आंकडा पुढें करतात. ग्रॅम विचारल्यावर जो गोंधळतो त्याच्या दुकानांतून घाईनें कांहीं घेऊं नये.

किंमतीचा उरलेला भाग कशांत जातो? कांहीं बाहेरच्या कापडांत: वारा रोखणारें, फाटावयास कठीण, चांगल्या सांखळीचें. कांहीं शिलाईंत: स्वस्त जाकिटांत वरचें आणि आंतलें कापड एकमेकांना थेट शिवलेलें असतें, त्यामुळें शिवणीच्या रेघेवर भरण शून्य असते आणि तेथून थंडी शिरते, महाग जाकिटांत दोन कापडांमध्यें पातळ पडदे शिवून पेट्या केलेल्या असतात. हा खर्च खरा आहे. आणि राहिलेला, पुष्कळदां मोठा भाग छातीवरच्या किंवा दंडावरच्या बोधचिन्हाचा. चिन्हांत ऊब नसते. पण तें हवें असणें हा कांहीं गुन्हा नव्हे, फक्त तें जाकिटाच्या खात्यावर लिहूं नये.

जावयाचें कोठें, हा प्रश्न खरें पाहतां सर्वांच्या आधीं विचारावयास हवा. ‘परदेशची थंडी’ अशी एकच एक वस्तु नाहीं. एडिंबरोला जानेवारींत तापमान बहुधा एक ते सात अंशांच्या दरम्यान असतें; म्हणजे थंडी बेताची, पण पाऊस आणि वारा पाठ सोडीत नाहींत. मिनीॲपोलिसला त्याच महिन्यांत रात्रीं उणे दहाच्याहि बरेंच खालीं जातें, पण हवा कोरडी. पहिल्या गांवीं उंची पिसांचें जाकीट नेणाराची फजिती होते, कारण लव भिजली कीं तिचा लगदा होतो आणि सारी हवा निघून जाते. तेथें लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस आंत आणि पाणी न शिरणारा पातळ कोट वर, ही जोडी स्वस्त आणि सरस. दुसऱ्या गांवीं मात्र मांडीपर्यंत येणारें, टोपीचें, भरपूर लव भरलेलें जाकीट हा चैनीचा विषय नव्हे. तेथें काटकसर करूं नये.

पिसें ओलीं झालीं कीं निकामी होतात म्हणून अमेरिकी सैन्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू भरणीसाठीं सिद्ध करण्यांत आले. अशी भरण भिजली तरी बरीच ऊब राखते, घरीं धुतां येते आणि पिसांहून स्वस्त पडते. मात्र तेवढ्याच उबेला ती जड असते आणि वारंवार दाबल्यानें कांहीं वर्षांत बसते. पिंजाऱ्याकडून ती पुन्हां फुलवून घेण्याची सोय नाहीं. ज्या घरांना पक्ष्यांचीं पिसें अंगावर घेण्याची हरकत आहे त्यांचीहि अडचण तिनें दूर होते.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. २००१ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणें, उणे १० अंश तापमानांत ताशीं ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० अंशांसारखी थंडी लागते. लोकरीचा विणलेला स्वेटर कितीहि जाड असो, वाऱ्यापुढें तो चाळणीसारखा आहे. त्याच्यावर वारा अडविणारें साधें पातळ कापड घातलें कीं तोच स्वेटर दुप्पट कामाचा होतो.

दुकानांत गेल्यावर तपासणी अशी करावी. जाकीट मुठींत दाबून सोडावें. तें चटकन् फुलून यावें. नुसत्या सदऱ्यावर घालून माप घेऊं नये; आंत एक स्वेटर घालून पाहावें, कारण घट्ट जाकिटांत लव चेंगरते. दोन्ही हात वर करावेत. कमर उघडी पडतां कामा नये. मनगटाशीं आणि कमरेशीं तें आवळतां आलें पाहिजे, नाहींतर प्रत्येक पावलागणिक आंतली ऊब भात्यासारखी बाहेर फेंकली जाते. सांखळीच्या आंतल्या बाजूस कापडाची पट्टी आहे ना, तेंहि बघावें. आणि जाकिटावर वांचलेले पैसे बुटांवर, हातमोज्यांवर आणि कानटोपीवर घालावे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यांतून जाते ही समजूत खरी नव्हे. डोकें शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारें दहावा हिस्सा आहे आणि साधारण तितकीच उष्णता तेथून जाते. पण कान उघडे असले तर मनुष्य चालणेंच सोडून घरांत बसतो, हा अनुभवाचा भाग झाला.

शक्य असेल तर पूर्ण खरेदी येथेंच उरकूं नये. अतिथंड गांवीं जाणाऱ्यानें विमानतळापासून बिऱ्हाडापर्यंत पुरेल एवढें बेताचें जाकीट येथून न्यावें आणि खरें जाकीट तेथें घ्यावें. तेथील दुकानांत त्या हवेला योग्य असाच माल असतो, आणि हिवाळा सरत आल्यावर तो बराच उतरत्या भावानें मिळतो. आठ दिवसांसाठीं मनालीस बर्फ पाहावयास जाणाऱ्या कुटुंबानें तर कांहींच घेऊं नये. तेथें कोट आणि बूट भाड्यानें मिळतात.

राहिली निगा. मुंबई व कोंकणपट्टीच्या दमट हवेंत पिसांचें जाकीट पिशवींत कोंबून ट्रंकेच्या तळाशीं ठेवलें तर एका पावसाळ्यांत त्याला कुबट वास लागतो आणि लव कायमची बसते. तें रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कपड्याची खोळ घालून, कपाटांत मोकळें टांगावें; भाद्रपदांत ऊन पडलें कीं सावलींत वाऱ्यावर धरावें. धुवावयाचें झाल्यास सौम्य साबणानें, आणि आंतपर्यंत पूर्ण वाळेतों हातांनीं गुठळ्या सोडवीत राहावें. त्याला दोन दिवसहि लागतात. एवढें केलें तर दहा-पंधरा वर्षें तें सहज टिकतें. मग घरांतलें दुसरें कोणी थंड मुलखाला निघालें म्हणजे चुलतघरीं गेलेलें जाकीट कोणाकडे आहे याची चौकशी सुरू होते, आणि बाह्या थोड्या लांब झाल्या तरी कोणी तक्रार करीत नाहीं.