कागद आला, पण कोणाच्या हाती?

राष्ट्रांच्या उत्कर्षापकर्षाची मीमांसा सुरू झाली म्हणजे राजांच्या नावांची व लढायांच्या सनावळ्यांची रास आपल्यापुढे ओतण्यात येते. पेढीवर बसणाऱ्या मनुष्यास मात्र ठाऊक असते की, घराण्याची खरी मत्ता दिवाणखान्यातील झुंबरांवरून कळत नाही. ती चोपडीवरून कळते. ज्या कागदाची ती चोपडी बनते, त्या कागदाचाच इतिहास घेऊन कोणत्या समाजाने त्याचे काय केले, हे आज पाहावे असे आम्ही योजिले आहे. हा इतिहास चीनपासून इटलीपर्यंत पसरला आहे, आणि त्यातील एक खेदजनक प्रकरण आपल्याच किनाऱ्यावर घडलेले आहे.

चीन देशात पूर्वी बांबूच्या कांबींवर किंवा रेशमी वस्त्रावर लिहीत असत. कांबी जड आणि रेशीम महाग, त्यामुळे विद्या ही दरबाराच्या व श्रीमंतांच्या घरची मिरास होऊन राहिली होती. इ. स. १०५ मध्ये हान दरबारातील त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने झाडांच्या साली, वाख, चिंध्या व कोळ्यांची जुनी जाळी कुटून केलेला कागद बादशहापुढे ठेवला. त्याहूनही जुने कागदाचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. तेव्हा मूळ कल्पनेचे श्रेय त्यास देता येत नाही. परंतु टाकाऊ मालापासून चांगला कागद करण्याची रीत त्याच्याच नावाने रूढ झाली, व जी वस्तू उकिरड्यावर जावयाची ती विद्येचे वाहन झाली.

ह्या वाहनावर प्रथम स्वार होणाऱ्यांत व्यापारी होते. १९०७ साली ऑरेल स्टाईन ह्या संशोधकास चीनच्या पश्चिम सीमेवर, दुन्हुआंग गावाजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात काही कागदी पत्रे सापडली. समरकंदकडून येऊन चीनमध्ये व्यापार करणाऱ्या सोग्दी लोकांची ही पत्रे चौथ्या शतकाच्या आरंभीची आहेत. त्यांत मालाचे व्यवहार आहेत, युद्धाच्या बातम्या आहेत, आणि मीवनाय नावाच्या एका स्त्रीचे गाऱ्हाणेही आहे. नवरा तिला परमुलखात सोडून गेला होता. आपली काय दशा झाली आहे हे तिने त्याला व आपल्या आईला कळविले. पत्रे मुक्कामी पोहोचलीच नाहीत. शिलालेख कोरविणारे राजे पुष्कळ होऊन गेले. पण एका अनाथ झालेल्या सामान्य स्त्रीचा शब्द सोळाशे वर्षांनी आपल्या कानी पडतो, तो त्या स्वस्त कागदाच्या कृपेने.

पुढे कागद समरकंदला पोहोचला. इ. स. ७५१ मधील तलासच्या लढाईत अरबांच्या हाती लागलेल्या चिनी कैद्यांनी ही कला तेथे शिकविली, अशी कथा फार दिवस सांगितली जाते. तथापि तत्पूर्वीच सोग्दी लोकांत कागद वापरात होता, हे वर सांगितलेल्या पत्रांवरूनच दिसते. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादेत कागद होऊ लागला व खलिफांच्या कचेऱ्यांतून त्याचा वापर सुरू झाला. त्या नगरात कागद व ग्रंथ विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजारच वसला. नवव्या शतकातील ग्रंथकार याकूबी तेथील दुकानांची संख्या शंभराहून अधिक सांगतो. इब्न अल्‌-नदीम हा ह्याच धंद्यातील मनुष्य, त्याने इ. स. ९८७ मध्ये अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची विस्तृत सूची सिद्ध केली, व ती आजही विद्वानांस मार्गदर्शक आहे. ग्रीक वैद्यक, हिंदुस्थानचे गणित, इराणी कथा ह्या सर्वांचे अरबी अवतार ह्याच काळात कागदावर उतरले. परक्याची विद्या घेतल्याने आपण बाटतो, असे त्या बगदादेस वाटले नाही; म्हणून ती जगाची पाठशाळा झाली.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा ह्या व्यापाराशी संबंध कसा होता, तेही ऐकण्यासारखे आहे. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा उत्तर आफ्रिकेतील एक यहुदी व्यापारी मंगळुरास राहून मिरी व पितळी भांडी ह्यांचा उदीम करीत असे. कैरो येथील यहुदी प्रार्थनामंदिराच्या कोठडीत त्याचा पत्रव्यवहार टिकून राहिला. एडनचे त्याचे स्नेही त्यास ज्या भेटी पाठवीत त्यांत लिहिण्याचा कागदही असे; कारण ताडपत्राच्या त्या मुलखात चांगला कागद दुर्मिळ होता. पुढे दौलताबादेजवळ कागदीपुरा वसला, जुन्नरचा कागद दप्तरादप्तरांतून दिसू लागला, आणि मराठी राज्याचा कारभार मोडी अक्षरांत कागदावर धावू लागला. म्हणजे कागद आम्ही उशिरा घेतला, पण घेतला. खरी उणीव त्याच्या पुढच्या पायरीवर राहिली.

ही पुढची पायरी मुद्रणाची. येथेही चीन आधी होता. लाकडी ठशांनी छापलेले इ. स. ८६८ चे बौद्ध वज्रसूत्र आजही पाहावयास मिळते, आणि अकराव्या शतकात बी शेंग नावाच्या एका सामान्य कारागिराने मातीचे सुटे खिळे भाजून छपाई करून दाखविली. युरोपाने कागदही प्रथम संशयानेच घेतला. बादशहा दुसरा फ्रेडरिक ह्याने १२३१ साली सरकारी दस्तऐवजांस कागद वापरण्याची मनाई केली होती. पण थोड्याच वर्षांत इटलीतील फाब्रियानो गावच्या कारागिरांनी पाणचक्कीवर चालणारे हातोडे लावून उत्तम कागद काढला, आणि १४५५ च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्गने धातूच्या खिळ्यांनी बायबल छापले. १५०० साल उजाडण्यापूर्वी युरोपातील दोनशेहून अधिक गावांत छापखाने निघाले. उलट ज्या मुसलमानी जगाने कागद पश्चिमेस नेऊन दिला, त्यातील तुर्की बादशाहीत मुसलमान प्रजेस तुर्की ग्रंथ छापण्याची परवानगी मिळावयास १७२७ साल उजाडावे लागले. बगदादचा वारस मागे पडला, ह्यास हे एकच कारण नव्हे. परंतु हे कारण लहानही नव्हे.

आता आपला हिशेब पाहू. गुटेनबर्गच्या बायबलास सुमारे शंभर वर्षे होतात न होतात, तोच १५५६ साली गोव्यास छापखाना उतरला. तो खरे म्हणजे हबसाणात जावयाचा. योगायोगाने आपल्या दारी राहिला. १६१६ साली राशोल येथे फादर स्टीफन्स ह्यांचे दहा हजारांवर ओव्यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. मात्र देवनागरी खिळ्यांच्या अभावी ते रोमन अक्षरांत निघाले. सतराव्या शतकात सुरतेचे सावकार भीमजी पारेख ह्यांनी इंग्रजांच्या कंपनीकडून मुद्रक मागविला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा इसम मुंबईस आला. पण त्यास छापता येत होते, देशी लिपीचे खिळे ओतता येत नव्हते. सावकाराचा पैसा व हौस दोन्ही वाया गेली. शेवटी १८०५ साली दूर बंगालात श्रीरामपुरास केरी साहेबांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी निघाले, आणि त्याच वर्षी मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्यात आली. १५५६ पासून १८०५ पर्यंत दोनशे एकोणपन्नास वर्षे झाली!

ह्या विलंबाचा सर्व दोष आम्ही सोवळ्याच्या माथी मारीत नाही. जोडाक्षरांची लिपी खिळ्यांत बसविणे अवघड होते. लेखक स्वस्त होते. गोव्याचा छापखाना धर्मप्रसारकांच्या ताब्यात होता. परंतु ह्या अडचणींवर मात करण्याची निकड राज्यकर्त्यांस, शास्त्री-पंडितांस अथवा सावकारांच्या समुदायास वाटली नाही, हेही तितकेच खरे. भीमजी पारेख एकटे पडले. आणि निकड वाटावी तरी कशी? ज्या समाजात वाचण्याचा अधिकार मूठभरांचा, तेथे एका पोथीच्या हजार प्रती हव्यात कोणाला? शूद्रांस व स्त्रियांस अक्षरापासून दूर ठेवणाऱ्या रूढीने त्यांचे तर नुकसान केलेच. शिवाय छापलेल्या पुस्तकाचे गिऱ्हाईकच तिने मारून टाकले. मागणी नाही तेथे पुरवठा कोठून येणार, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

हा केवळ गतकाळाचा पंचनामा नव्हे. आज अक्षरास कागदाचीही गरज उरलेली नाही. तळहातावरच्या यंत्रात जगाचे ग्रंथालय मावते. तरीही कर्जाचा करारनामा, विम्याच्या अटी, औषधाच्या बाटलीवरील सूचना आमच्या पुष्कळ बंधुभगिनींस न समजणाऱ्या इंग्रजीतच हाती पडतात, आणि त्यांवर मुकाट्याने सही करावी लागते. सही करता येणे म्हणजे साक्षरता नव्हे. जो कागद वाचता येत नाही, तो धारकाचे रक्षण करीत नाही. तो त्याच्यावर चालविला जातो.

दिवाळीत आपण वहीची पूजा करतो. ती पूजा सार्थ करावयाची असेल तर आमच्या वाचकांनी तीन गोष्टी आपल्या पेढीपासूनच आरंभाव्यात. आपल्या पावत्या व अटी गिऱ्हाइकास समजेल अशा मराठीत छापाव्यात; दुकानातील पोऱ्यास व घरातील लेकी-सुनांस जमाखर्च लिहिण्यावाचण्यास बसवावे; आणि धर्मादाय खात्यातील काही भाग गावच्या वाचनालयास देऊन, कायदा, आरोग्य व व्यापार ह्या विषयांवरील सुबोध मराठी पुस्तके तेथे ठेववावीत. त्साय लुनच्या चिंध्यांची किंमत दरबारात ठरली नाही. त्या कागदावर किती हातांनी लिहिले, ह्यावरून ठरली. आपल्या विद्येची किंमतही जग ह्याच मापाने करील.