हँडबॉल : सहा मीटरच्या रेषेचे गणित

आपल्या चांदूर रेल्वेपासून अमरावती तीसेक किलोमीटरवर. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली थेट बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याने कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखवले, हे तुम्ही ऐकले असेल. त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑगस्ट महिन्यात, आणखी एक खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला. तो म्हणजे हँडबॉल. अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला १०–६ असे हरवले. सामना पाहायला सुमारे एक लाख लोक जमले होते.

तो हँडबॉल मात्र आजच्यासारखा नव्हता. फुटबॉलच्या भल्यामोठ्या मैदानावर अकरा-अकरा गडी खेळत. आजच्या खेळाचे मूळ डेन्मार्कमध्ये आहे. होल्गर नील्सन नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांसाठी या खेळाचे नियम तयार केले आणि ते १९०६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. उत्तर युरोपात हिवाळा मोठा कडक. मैदाने बर्फाखाली गेल्यावर खेळायचे कोठे? म्हणून खेळ छपराखाली आला, मैदान लहान झाले, गडी सात उरले. लहान जागेमुळे वेग वाढला आणि हेच रूप लोकांना अधिक आवडले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये महिलांचा सात गड्यांचा हँडबॉल आला. मोठ्या मैदानावरचा खेळ हळूहळू मागे पडला.

आता मैदान पाहू. लांबी ४० मीटर, रुंदी २० मीटर. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलसमोर ६ मीटरवर वळणदार रेषा असते. या रेषेच्या आत फक्त गोलरक्षकाने उभे राहायचे. चेंडू हातात धरून जास्तीत जास्त तीन पावले टाकता येतात आणि तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवता येत नाही. पुरुषांच्या चेंडूचे वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम असते, महिलांचा चेंडू त्याहून हलका. सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा.

एवढ्या वेळात एकेक संघ पंचवीस-तीस गोल सहज करतो. फुटबॉलमध्ये एखाद्या गोलासाठी दीड तास वाट पाहावी लागते; मग येथे गोलांचा असा पाऊस का? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

चांगला खेळाडू चेंडू सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकतो. हा वेग कोठून येतो? ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलणारा राखणदार गोफण कशी फिरवतो ते आठवा. गोफणीमुळे हाताची लांबी वाढल्यासारखी होते आणि टोकाचा वेग वाढतो. खेळाडूच्या अंगात गोफण नसते, पण सांध्यांची साखळी असते. आधी पाय जमिनीत रोवला जातो, मग कंबर वळते, मग छाती, खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या, हलक्या भागाला देतो. ज्याला नुसत्या दंडाच्या जोरावर फेकायचे असते, तो मागे पडतो.

आता खरी गंमत. नियम म्हणतो की ६ मीटरच्या रेषेच्या आत पाय टेकायचा नाही. पण रेषेबाहेरून उडी मारून हवेत असतानाच चेंडू सोडला, तर चालतो! समजा, खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत येऊन अर्धा मीटर उंच उडाला. गुरुत्वाकर्षणाच्या सूत्राने तो सुमारे ०.६४ सेकंद हवेत राहील. त्यातला निम्मा वेळ तो उडीच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात काढतो. म्हणूनच तो क्षणभर हवेत लटकल्यासारखा दिसतो. सर्वांत उंच बिंदूवर पोचेपर्यंत ०.३२ सेकंद गेलेले असतात आणि तो रेषेच्या १.६ मीटर आत आलेला असतो. म्हणजे गोल उरला ४.४ मीटरवर. सेकंदाला २५ मीटर वेगाने हे अंतर कापायला चेंडूला किती वेळ लागेल? ४.४ भागिले २५, म्हणजे ०.१८ सेकंद!

डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. म्हणजे चेंडू सुटलेला पाहून गोलरक्षक हलला, तर तोवर गोल झालेला असतो. त्याला चेंडू सुटण्याआधीच खेळाडूच्या खांद्यावरून आणि मनगटावरून दिशा ओळखावी लागते. तरीही चांगले गोलरक्षक बरेच चेंडू अडवतात. ही करामत वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे.

आज आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघात दोनशेच्या वर सदस्य आहेत. तरी सत्ता युरोपचीच. पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद युरोपबाहेर कधीच गेलेले नाही. पण भिंतीला तडे गेले आहेत. दक्षिण कोरियाच्या महिलांनी १९८८ व १९९२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९९५ चे जागतिक अजिंक्यपद मिळवले. २०१३ मध्ये ब्राझीलच्या महिला जगज्जेत्या झाल्या. पुरुषांमध्ये कतार २०१५ साली अंतिम फेरीत पोचला.

आणि आपण? आशियाई स्पर्धांत हँडबॉल प्रथम आला तो १९८२ साली, आपल्याच दिल्लीत. त्या वेळी कबड्डी केवळ प्रदर्शनीय खेळ होता. १९९० साली बीजिंगला कबड्डीला पदके मिळू लागली आणि तेथेच महिलांचा हँडबॉलही सुरू झाला. कबड्डीत आपण आघाडीवर राहिलो. हँडबॉलमध्ये भारत अजून ऑलिंपिकपर्यंत पोचलेला नाही. मात्र मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानात भारताच्या कनिष्ठ मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकले. जून २०२३ मध्ये जयपूरला झालेली पहिली प्रीमियर हँडबॉल लीग महाराष्ट्राच्या संघाने जिंकली.

खेळ वाढायला काय हवे? साहित्य थोडेच लागते : एक चेंडू, दोन गोल आणि फक्कीच्या रेषा. आपल्याकडे अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चेंडू सरळ उसळत नाही आणि उडी मारणाऱ्याचा घोटा मुरगळतो. मुरूम टाकून दाबलेले मैदान मिळाले, तर सुरुवात होते. पण वरच्या स्पर्धा छपराखाली लाकडी किंवा कृत्रिम जमिनीवर होतात. तशी जमीन आणि शिकवणारा जाणकार जोवर तालुक्याच्या गावी मिळत नाही, तोवर येथल्या चपळ मुलामुलींची गाठ या खेळाशी शालेय स्पर्धेपुरतीच पडणार. कबड्डीला आखाड्यांनी आणि मंडळांनी मोठे केले. हँडबॉललाही तशाच मंडळांची गरज आहे.

तुम्ही गोलरक्षक व्हाल का? घरीच पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमची बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. ०.१८ सेकंदासाठी ती सुमारे १६ सेंटिमीटरवर पकडावी लागेल. दहा वेळा करा, सरासरी काढा आणि वहीत लिहून ठेवा. महिनाभर सराव करून पुन्हा मोजा.