मार्सेय : तीन दिवस, एक बंदर



युरोपची यात्रा करून आलेल्या शेजाऱ्याला 'काय काय पाहिलेत?' असे विचारावे, तर तो बोटांवर मोजीत शहरांची नावे सांगू लागतो. सातव्या नावापाशी गाडी अडते. मग फोटो काढून खात्री करून घ्यावी लागते. दोष त्या बिचाऱ्याचा नाही. बारा दिवसांत सात देश पाहावयाचे, तर बसच्या खिडकीपलीकडे काय दिसणार? म्हणून आज मी आपल्यापुढे उलटा बेत मांडणार आहे. फ्रान्समधले एकच शहर घ्यावयाचे, त्याला पुरते तीन दिवस द्यावयाचे आणि ते बहुतेक पायी पाहावयाचे.

हे शहर पॅरिस नव्हे. पॅरिसची वाट कोणीही दाखवील. मी निवडले आहे ते मार्सेय. आपल्या जुन्या पुस्तकांतले मार्सेलिस. पॅरिसहून वेगवान गाडीने सव्वातीन तासांत सँ-शार्ल स्टेशनवर उतरता येते. स्टेशन आहे टेकाडावर. बाहेर पडले की १०४ पायऱ्यांचा रुंद जिना थेट गावात उतरतो आणि समोर दूरच्या टेकडीवर एक देऊळ उन्हात चमकत असते. गावाची पहिली ओळख येथेच होते : मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे दाटीवाटीने वसलेली वस्ती.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. मार्सेयमध्ये काहीही पाहा, त्याचे उत्तर बंदरात सापडते. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया गावचे ग्रीक व्यापारी येथे आले. दंतकथा अशी, की त्या दिवशी तेथल्या टोळीच्या नायकाच्या घरी मुलीचे स्वयंवर होते. तिने पेला पुढे केला तो नेमका त्या परक्या पाहुण्यापुढे. दंतकथा खरी असो वा नसो, समुद्रावरून आलेल्या परक्याला घरात घेणे हा या गावाचा मूळ संस्कार आहे, एवढे तिच्यातून कळते. १९६७ साली बाजारपेठेच्या मागे खोदकाम करताना त्या ग्रीक बंदराचे दगडी धक्के सापडले. आज ते इतिहास-संग्रहालयाच्या आवारात पाहावयास मिळतात. जहाजे लागत होती तेथे आता हिरवळ आहे.

पहिली सकाळ जुन्या बंदराला द्यावी. लवकर उठावे, कारण धक्क्यावर कोळणी टेबले मांडून रात्री धरलेले मासे विकतात आणि दुपारपर्यंत सारे आवरलेले असते. डोक्यावर नॉर्मन फॉस्टर या वास्तुशिल्पज्ञाने २०१३ साली उभारलेले आरशासारखे छत आहे. मान वर करावी, तर आपणच उलटे चालताना दिसतो. मग एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणाऱ्या लहानशा नावेत बसावे. प्रवास काही मिनिटांचा, पण त्यात बंदराच्या तोंडाशी असलेले दोन्ही किल्ले दिसतात. त्यांपैकी सँ-निकोला चौदाव्या लुईने बांधविला, तो शत्रूपेक्षा या बंडखोर गावावरच नजर ठेवण्यासाठी!

बंडखोरीचे आणखी एक स्मारक आपण सर्वजण ऐकून आहोत. फ्रान्सचे राष्ट्रगीत रचले गेले १७९२ साली स्ट्रासबुर्ग येथे, ऱ्हाइनच्या सैन्यासाठी. परंतु मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पायी पॅरिसला गेले आणि गीताला 'मार्सेयेज' हे नाव चिकटले ते कायमचे.

बंदराच्या उत्तरेस चढावर 'ल पान्ये' हा जुना मोहल्ला आहे. अरुंद बोळ, जिने, दोन घरांमध्ये वाळत घातलेले कपडे. येथे नकाशा खिशात ठेवावा. वर 'व्हिएय शारिते' ही सतराव्या शतकात पिएर प्युजे याने आखलेली अनाथ-गरिबांची वास्तू आहे. तिच्या कमानींच्या चौकात आता संग्रहालये आहेत. मात्र खाली धक्क्याकडे पाहिले, की घरे एकदम नवी दिसतात. का? १९४३ च्या जानेवारीत जर्मन फौजेने फ्रेंच पोलिसांच्या साहाय्याने येथली सुमारे वीस हजार माणसे घराबाहेर काढली आणि फेब्रुवारीत मोहल्ल्याचा तो भाग सुरुंगाने उडवून दिला. परके, निर्वासित, ज्यू, गरीब यांना पोटात घेणारी वस्ती जुलमी सत्तेला नेहमीच सलते. सतराव्या शतकातले नगरभवन तेवढे त्या नव्या इमारतींच्या मधे उभे आहे.

दुसरा दिवस टेकडी आणि बेटांचा. काल जिन्यावरून दिसलेले देऊळ म्हणजे नोत्र-दाम द ला गार्द. गावकरी तिला 'चांगली आई' म्हणतात. सुमारे दीडशे मीटर उंचीच्या या टेकडीवर बस जाते. चर्चचे अभिषेकवर्ष १८६४. आत जाऊन वर पाहावे : छताला लहान लहान जहाजे टांगलेली आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस! आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तेथून खाली येऊन होडीने शातो दीफ या बेटावरील तुरुंगाकडे जावे. वारा फार असेल तर होड्या बंद असतात, हे लक्षात घेऊन बेत थोडा सैल ठेवावा. अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'चा नायक येथेच कैदेत होता असे कादंबरी सांगते, आणि गंमत अशी, की त्या काल्पनिक कैद्याची खोली आजही दाखविली जाते. पण या किनाऱ्यासमोर आलेला एक पाहुणा मात्र अगदी खरा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून निघाला, लिस्बनला पोहोचला आणि पुढे पोपला नजराणा म्हणून जाताना १५१६ च्या आरंभी मार्सेयसमोरच्या बेटावर थांबला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा त्याला पाहावयास गेला होता. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि गेंडाही. याच राजाने पुढे शातो दीफचा किल्ला बांधविला.

दोन शब्द खाण्याविषयी. 'बुयाबेस' हे येथले मानाचे पक्वान्न, पण जन्म गरिबाघरचा : बाजारात न खपलेल्या काटेरी माशांचा केशर घातलेला रस्सा. आधी रस्सा पावाबरोबर, मग मासे, अशी रीत. आज ते महाग आहे. शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, काप करून तळलेले 'पानिस' येथे मिळतात. आपली पाटवडीच जणू परदेशी भेटते! नोआय बाजारात तर उत्तर आफ्रिकेचे मसाले आणि जिरे-धण्यांचा वास असा दरवळतो, की क्षणभर घरची आठवण व्हावी.

तिसरा दिवस जरा गंभीर आहे. प्रथम २०१३ मध्ये उघडलेले भूमध्य संस्कृतींचे संग्रहालय पाहावे. काँक्रीटच्या जाळीतून समुद्र कसा दिसतो ते तेथे कळते. मग जवळच ला माजोर कॅथेड्रलच्या कट्ट्यावर जाऊन उत्तरेकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या गोद्या येथून पसरत जातात. आगबोटी जुन्या बंदरात नव्हे, तर या नव्या गोद्यांत येत. मुंबईची डाकबोट पकडणारे आणि तिच्यावरून उतरणारे किती हिंदी लोक येथून गेले! १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी मार्सेयलाच उतरले.

आणि ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीच्या लहान गवाक्षातून सावरकरांनी उडी टाकली तीही मार्सेयच्याच बंदरात. सांगोवांगीत त्या पोहण्याचे अंतर वाढत गेले आहे. वस्तुतः धक्का जवळ होता. ते किनाऱ्याला लागले, काहीशे पावले धावले आणि फ्रेंच पोलिसाच्या हाती सापडले. त्याने त्यांना परत बोटीवर पोहोचविले. पण अंतर कमी असल्याने त्या उडीचे मोल कमी होत नाही. पाण्यात लढाई नव्हतीच. प्रश्न होता जमिनीचा. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्याला असा परत देता येतो काय? तो वाद हेग येथील लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय झाला : कैद्याला सुपूर्द करण्यात अनियमितपणा झाला हे खरे, परंतु ब्रिटनवर त्याला परत करण्याचे बंधन नाही. परक्याला पेला देणारे गाव त्या सकाळी चुकले, आणि ती चूक कागदावर मान्य होऊनही दुरुस्त झाली नाही.

दुपारी दक्षिणेकडे माझार्गच्या युद्ध-स्मशानभूमीत जावे. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदी पलटणी मार्सेयला उतरल्या. त्यांतले जे परतले नाहीत त्यांपैकी अनेकांची स्मृती तेथे जपली आहे. जाता-येता ल कॉर्ब्युझिए याने १९५२ साली पुरी केलेली ३३७ बिऱ्हाडांची चाळवजा इमारत पाहावी. खांबांवर तोललेली, मधल्या मजल्यावर दुकानांचा रस्ता, गच्चीवर मुलांची शाळा. चंडीगढची आखणी करणारा तो हाच. २०१६ मध्ये ही इमारत आणि चंडीगढचे शासकीय संकुल एकाच वेळी जागतिक वारशाच्या यादीत आले.

वेळ उरल्यास कालांक नावाच्या चुनखडीच्या खाड्या आहेत. मात्र उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंद ठेवतात. आधी चौकशी करावी. खिसा सांभाळावा. जुलै-ऑगस्ट टाळावेत.

इतके करून मार्सेयमधले पुष्कळ राहून जाईल. राहू द्यावे. परत आल्यावर शेजाऱ्याने विचारले, तर बोटांवर मोजण्यासारखे एकच नाव आपल्यापाशी असेल. पण फोटो न काढता आपण त्याला तासभर सांगत बसाल.